बिकानेर कोणी घडवलं?

प्रश्न: 1488 मध्ये बिकानेर वसवणारे राव बिका सोडून आधी कोणाबद्दल वाचावं?

उत्तर 1: बिकानेरचे महाराजा गंगासिंह. 1899-1900 च्या छप्पनिया (विक्रम संवत 1956 च्या) दुष्काळानंतर त्यांनी सतलजचं पाणी आणण्याचा ध्यास घेतला. 1927 मध्ये गंग कालवा सुरू झाला. वाळू पाणी शोषते, म्हणून कालव्याला चुना-काँक्रीटचं अस्तर दिलं. हीच खरी कमाल! मात्र पाणी मुख्यतः श्रीगंगानगरकडे गेलं, बिकानेर शहराला नाही. इथे बरेच जण गफलत करतात.

उत्तर 2: अभियंता कंवर सेन विसरू नका. 1948 ची राजस्थान कालव्याची कल्पना त्यांचीच, आजचा इंदिरा गांधी कालवा. पुढे काही भागांत जमिनीखालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी मुरेना, शेतं पाणथळ झाली.

उत्तर 3: आणि तेस्सितोरी! या इटालियन अभ्यासकाने डिंगळ (राजस्थानची जुनी काव्यभाषा) हस्तलिखितं धुंडाळली. 1919 मध्ये बिकानेरातच वारले, अवघ्या 31 व्या वर्षी.