मशिनिस्टची अप्रेंटिसशिप : सीएनसी की साधे मिलिंग?

प्रश्न (सिडको, नाशिक) : मशिनिस्ट ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर मला अंबडमधून अप्रेंटिस म्हणून दोन बोलावणी आली असून, एका कारखान्यात थेट सीएनसीवर (संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या यंत्रावर), तर दुसऱ्या लहान वर्कशॉपमध्ये साध्या मिलिंगवर (फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या, हाताने चालवायच्या यंत्रावर) काम आहे. कोणते निवडावे?

उत्तर (सातपूर) : सीएनसीवर नेमके काय करू देतील, हे आधी विचारा, वर्षभर जॉब (कापायचा तुकडा) लावणे, बटण दाबणे आणि जॉब काढणे एवढेच केलेत, तर हाती काही लागणार नाही. साध्या मिलिंगवर इंडेक्सिंग हेडने (जॉब मोजून थोडा थोडा फिरवणाऱ्या जोडणीने) 28 दात्यांचे गिअर कापताना हँडलच्या 40 फेऱ्यांत जॉब एकदा फिरतो म्हणून 40 ला 28 ने भागून एक पूर्ण फेरा आणि 21 छिद्रांच्या वर्तुळावर 9 छिद्रे, हा हिशेब स्वतःच करावा लागतो, आणि तो चुकला की शेवटचा दाता अर्धवट उरतो. माझा उरला होता. उस्तादांनी तो गिअर महिनाभर माझ्याच बाकावर ठेवला.

उत्तर (ओझर) : वरील मताशी सहमत आहे, मात्र 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे करार नोंदवला जाणार आहे का, हे दोन्हीकडे तपासा. करार नोंदवला नसेल, तर नाव अप्रेंटिसचे आणि काम हेल्परचे, असे होते.

प्रश्नकर्ता : आज विचारले. वर्कशॉपवाले करार नोंदवणार आहेत आणि सुरुवातीला मायक्रोमीटरने 0.01 मिमीपर्यंत मोजमाप शिकवणार आहेत, त्यामुळे सोमवारपासून तिथेच रुजू होत आहे.