बालवाडीच्या प्रवेशाला लसीकरणाचं कार्ड सक्तीचं करावं का?

समिधा_मुलुंड
गेल्या आठवड्यात लेकीच्या बालवाडीचा फॉर्म भरला. जन्मदाखला, आधार, पत्त्याचा पुरावा, चार फोटो, सगळं तपासून घेतलं. लसीकरणाचं कार्ड मी आपणहून फाइलीत लावलं होतं. बाईंनी ते काढून परत दिलं, "हे लागत नाही."

तेव्हापासून डोक्यातून जात नाही. एका खोलीत तीस मुलं बसणार. गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेलं तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. लस न घेतलेल्यांच्या घोळक्यात एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होते, म्हणून शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. २०२२ च्या हिवाळ्यात गोवंडीत काय झालं ते या शहरानं पाहिलंय. मुलं दगावली, आणि आजारी पडलेल्या कित्येकांना गोवराचा एकही डोस मिळालेला नव्हता. माझं म्हणणं सरळ आहे: कार्ड पूर्ण नसेल तर प्रवेश नाही. प्रवेश अडला की लोक हलतील.

सेविका_गोवंडी
ताई, कळकळ पटली, उपाय पटला नाही. मी सोळा वर्षं वस्तीत लसी देतेय. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. तुम्ही मुलाला तिसऱ्या वर्षी दारात अडवणार. जीव जातात ते बहुतेक त्याआधी.

आमच्याकडे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या डोसला बायका येतात. पुढे नऊ महिन्यांपर्यंत मोठा खंड पडतो. तेवढ्यात आई कामाला लागते, भाड्याची खोली बदलते, नाहीतर गावी जाते आणि कार्ड तिथल्या ट्रंकेत राहतं. त्यात पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, दिल्यावर बाळाला ताप येतो, मांडीला गाठ येते. बाप म्हणतो, चांगलं पोर आजारी पाडलंत. त्याला अडाणी म्हणू नका. रात्रभर जागून सकाळी त्याला नाक्यावर उभं राहायचं असतं. ताप येईल, एक-दोन दिवसांत उतरेल, औषध किती द्यायचं, गाठ चोळायची नाही, एवढं सुईच्या आधी सांगितलं तर तोच माणूस पुढच्या वेळी बाळ घेऊन येतो. आम्ही घाईत सांगत नाही, ही चूक आमची.

परळकर_आजोबा
मी समिधाच्या बाजूचा. देवीच्या लसीचे गोल वण माझ्या दंडावर अजून आहेत. हिंदुस्थानात पहिली देवीची लस याच मुंबईत, १४ जून १८०२ ला, तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला दिली गेली. १८७७ मध्ये इथे ती कायद्यानं सक्तीची झाली. आज देवीचा रोगी जगात कुठे नाही.

माझ्या पाठच्या भावाला पोलिओ झाला. पायाला आधाराचा लोखंडी कॅलिपर घालून तो चाळीचा जिना चढायचा तेव्हा लोखंडाचा आवाज तिसऱ्या मजल्यावर आईला ऐकू यायचा आणि ती हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. तेव्हा डोस असता तर आईनं कुणाचीही सक्ती आनंदानं मानली असती.

वांद्रे_बाबा
मी लसविरोधी नाही, पण सक्तीला माझा ठाम विरोध आहे. दीड महिन्याच्या बाळाला एका दिवसात काय काय दिलं ते मी मोजलंय: पोलिओचे थेंब, जुलाबावरचे रोटाचे थेंब, पेंटा, न्यूमोनियावरची पीसीव्ही, पोलिओचीच सुई आयपीव्ही. तीन सुया. बायको रडत होती. आई-बापाला प्रश्न विचारायचा हक्क नको का?

आणि कुठलं कार्ड सक्तीचं करणार? पालिकेत गोवर-रुबेला देतात, आमचे डॉक्टर त्यात गालगुंडही असलेली एमएमआर देतात. कांजिण्या, हिपॅटायटिस ए हे खासगी कार्डावर आहे, सरकारी कार्डावर नाही. शिवाय एमएमआरमुळे ऑटिझम होतो असं आमच्या ग्रुपवर सारखं येतं, त्याचं उत्तर कुणी देत नाही.

समिधा_मुलुंड
उत्तर आहे. तो दावा १९९८ च्या एका निबंधातून आला, त्यात जेमतेम १२ मुलं होती. ज्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं छापला त्यांनीच २०१० मध्ये तो मागे घेतला. नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची नोंद तपासली, संबंध सापडला नाही. कार्डाचा मुद्दा मात्र बरोबर आहे. सक्ती असेल तर ती फक्त फुकट मिळणाऱ्या सरकारी यादीची, नाहीतर गरिबावर अन्याय होईल.

विक्रोळी_कन्नमवार
फुकट म्हणताय, माझे दोन खाडे पडले त्याचं काय? मी दुकानात काउंटरला असते. मुलाला गोवराच्या दुसऱ्या डोसला केंद्रावर घेऊन गेले तर म्हणाले, एकच मूल आहे, चार-पाच जमली की बाटली उघडू, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेले तर वेळ संपली होती. तिसऱ्यांदा मालकाकडे सुट्टी मागायची माझी हिंमत झाली नाही. आता तुम्ही शाळेच्या दारातही मलाच अडवणार?

परळकर_आजोबा
पोरी, हे वाचून मी गप्प झालो. सक्ती करायची तर आधी ती केंद्रावर करायला हवी.

सेविका_गोवंडी
विक्रोळीच्या ताई, तुमच्याशी चूक झाली. क्षयावरची बीसीजी आणि गोवर-रुबेलाची लस पावडर असते. त्यात द्रावण घातलं की वेळ लिहून ठेवायची, चार तासांनी उरलेली टाकून द्यायची. वाया जाईल म्हणून हात आखडतात, पण एका मुलासाठीही बाटली उघडायची हाच नियम आहे. पुन्हा असं झालं तर थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

आजोबा, पोलिओचं म्हणाल तर तो कुणाचा प्रवेश अडवून गेला नाही. आम्ही घरोघर हिंडलो, बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावली, दारावर खडूनं पी लिहिलं. मूल राहिलं तर एक्स लिहायचा आणि त्या घरी परत जायचं. नैसर्गिक पोलिओ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा.

वांद्रे_बाबा
असं दारात येऊन समजावणार असाल तर माझी हरकत नाही. सक्तीला आहे, आणि ती राहणार.

समिधा_मुलुंड
'प्रवेश नाही' हे मी मागे घेते. पण कार्ड मागायलाच हवं, फाइलीतून काढून परत देणं मला मान्य नाही. अपुरं असेल तर बालवाडीनं ते नाव आरोग्य केंद्राला कळवावं आणि सेविकेनं त्या घरी जावं.

विक्रोळी_कन्नमवार
माझा मुलगा आता अडीच वर्षांचा आहे. सगळं पहिल्यापासून द्यावं लागेल का? थोडी सर्दीही आहे त्याला.

सेविका_गोवंडी
नाही, फक्त राहिलेलं द्यायचं. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत मिळते, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर राहिला असेल तर तोही त्याच दिवशी. साध्या सर्दीनं काही अडत नाही. कार्ड सापडलं नाही तरी या, केंद्राच्या नोंदीत बघू. सैल बाहीचा शर्ट घाला, एक सुई उजव्या दंडात असते. नंतर अर्धा तास बसायला लागेल, तेवढा वेळ काढून या.