रविवारी मोकळं खायचं की नाही? वजन कमी करून राहिलोय, सल्ला द्या

मिहानचा_प्रवासी
नमस्कार मंडळी. वय ३४, उंची १७२ सेंमी, वजन ९१ होतं, आता ८७ वर आलंय. राहायला नागपुरात मानेवाड्यात, नोकरी मिहानमध्ये, दिवसभर खुर्चीत. सोमवार ते शनिवार नीट चालतं. सकाळी पोळी-भाजी, दुपारी घरचा डबा, संध्याकाळी फुटाणे नाहीतर ताक, रात्री वरण-भाजी आणि वाटीभर भात. जेवणाआधी चालून येतो.

घोडं अडतं रविवारी. सकाळी पोट्ट्यांसोबत तर्री-पोहे, वरून आलूबोंडा, दुपारी आईच्या हातचा वडा-भात, रात्री सावजी. सध्या आखाड सुरू, श्रावण लागायच्या आत सगळ्यांना उरकून घ्यायचं आहे, त्यामुळे सावजीला नाही म्हणणं म्हणजे मैत्री तोडणं.

प्रश्न एवढाच. (क) रविवार पूर्ण मोकळा, (ख) रविवारी एकच जेवण मोकळं, की (ग) ७८ होईपर्यंत सगळं बंद?

दोन अटी. जिम नाही. आणि महिन्याला पाचशे रुपयांच्या वर खर्च नाही, घराचा हप्ता सुरू आहे. पावडर, डाएटचा डबा, घड्याळ सुचवू नका. शुगर, बीपी काही नाही, जानेवारीतच तपासलं.

लोखंडी_दंड
भाऊ, सगळ्यात पहिले जिम लाव. मी मागच्या वर्षी लावली, वर्षाचे १४ हजार, ट्रेनर वेगळा. सोबत व्हे प्रोटीन. आता मी रविवारी काय, बुधवारी पण सावजी खातो, अंगाले लागत नाही. पाचशेत काय होते आजकाल?

तर्री_जास्त
त्यानं स्वच्छ लिहिलं, जिम नाही, पावडर नाही. वाचत जा ना बे.

प्रवासी भाऊ, रविवार मोकळाच ठेव. सहा दिवस माणूस कशाच्या भरवशावर काढते? मी असंच करून सात किलो उतरवले. नंतर परत चढले ते बहिणीच्या लग्नात, त्यात रविवारचा काही दोष नाही.

धरमपेठची_मावशी
बाळा, तू सोमवारी सकाळी काट्यावर उभा राहतोस का? राहत असशील तर आधी ते बंद कर. रविवारी भात, पोहे, गोड जास्त गेलं की शरीर त्यातलं काही ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, म्हणून स्नायूंत आणि यकृतात ठेवतं, आणि त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून बसतं. वर सावजीतलं मीठ. म्हणून सोमवारी दीड-दोन किलो वाढलेले दिसतात. ती चरबी नव्हे, तीन-चार दिवसांत उतरतं ते. लोक हा आकडा पाहून घाबरतात, सोमवारी उपाशी राहतात, आणि मंगळवारी रात्री डब्यातले शंकरपाळे संपवतात. आमच्याकडे यजमानांचं वर्षानुवर्षं हेच चालू होतं.

काटा गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी बघ, दर आठवड्याला त्याच वारी. आणि माझं मत (ख).

निवृत्त_गणितमास्तर
चिरंजीव, भावना बाजूला ठेवा, हिशोब करा.

समजा सहा दिवस रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी खाता. झाली ३००० ची बचत. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० कॅलरी. आता रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत मोकळं सोडलंत आणि गरजेपेक्षा २००० जास्त गेल्या, तर आठवड्याची बचत उरली १०००. म्हणजे १३० ग्रॅम. तेच एक जेवण मोकळं ठेवून ८०० जास्त गेल्या, तर उरल्या २२००, म्हणजे २८५ ग्रॅम. दुपटीहून जास्त फरक.

आणि २००० जास्त जाणं अवघड आहे असं समजू नका. सावजीच्या वाटीवर जो लाल तवंग असतो ते तेल असतं. एक मोठा चमचा तेल १४ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे १२६. तुम्ही किती चमचे प्यालात ते तुम्हीच मोजा. तासभर चालून तुमच्या वजनाला तीनशेच्या आसपास जळतात. फुटाळा तलावाला फेरी मारून सावजी फेडता येत नाही.

तर्री_जास्त
मास्तर, तवंग बाजूला सारून खायचा असते. चमच्यानं वरचं काढून टाका, खालचा रस्सा घ्या.

इतवारी_कट्टा
तवंग काढला तर सावजी कायचं? मग घरी वरण प्या. जवस, खसखस, खोबरं भाजून वाटलेला मसाला तेलातच फुलते. आमच्या गल्लीत कोणी तवंग काढताना दिसला तर त्याले दुसऱ्यांदा वाढत नाहीत.

धरमपेठची_मावशी
दुसऱ्यांदा वाढत नाहीत हे तर प्रवासीच्या फायद्याचंच झालं.

दोन_वेळाच
या सगळ्या भानगडीच नकोत. डॉ. दीक्षितांचं बघा, दिवसातून दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटं चाला. खर्च शून्य. तुमचं ते संध्याकाळचं फुटाणे-ताक आधी बंद करा. माझा पट्टा तीन भोकं आत आलाय.

थोडं_थोडं
आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणतात थोड्या थोड्या वेळानं खा, घरचं खा, तूप-भात सोडू नका. मी त्यानंच उतरवलं. दिवसभर उपाशी राहून रात्री ताटावर तुटून पडायचं, याला काय अर्थ आहे?

दोन_वेळाच
उपाशी कोण राहतं? दोन वेळा पोटभर जेवतो आम्ही. आधी माहिती घ्या.

थोडं_थोडं
माहिती आहे. आमच्या दिरांनी केलं होतं. चिडचिडीनं घर डोक्यावर घेतलं होतं.

दोन_वेळाच
दिरांची चिडचिड आधीची असेल.

पुण्यात_अडकलो
अरे हा वाद २०१८ पासून चालू आहे, इथे नको. मूळ प्रश्न रविवारचा आहे.

माझं मत (ग). सगळं बंद. एकदा तोंडाला चव लागली की सोमवार पण जातो. इथे मला सोपं पडतं, कारण इथल्या पोह्यांवर तर्रीच मिळत नाही. नुसते पोहे, वर शेव, सोबत लिंबू. त्यासाठी कोण कशाला मोकळा दिवस ठेवेल?

गोकुळपेठ_भाजीबाजार
एकच जेवण मोकळं ठेवा. आणि सोमवारी वजन करू नका. अनुभवाचे बोल.

तर्री_जास्त
मावशींनी तेच लिहिलं वर.

गोकुळपेठ_भाजीबाजार
मग बरोबरच लिहिलं असेल.

वाचून_सांगते
पुण्यात_अडकलो, "सगळं बंद" याबद्दल थोडं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्या माणसांना दिवसरात्र जेवण सोडून काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, ताटली चाटून पुसू लागले. आणि बंधन उठल्यावर कित्येकांना पोट भरलं तरी थांबता येईना. प्रवासी काही इतकं कमी खात नाहीत, पण (ग) निवडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरं, (क) वाल्यांसाठी. "अधूनमधून खाल्ल्यानं वजन जास्त उतरतं, सिद्ध झालंय" असं जे फिरतं, त्यात बहुतेकदा तास्मानिया विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यास पुढे करतात. त्यात स्थूल पुरुषांचे दोन गट होते. एकानं सलग १६ आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्यानं दोन आठवडे कमी, दोन आठवडे गरजेपुरतं, असं आलटून पालटून, पण कमी खाण्याचे आठवडे तेवढेच. दुसऱ्या गटाचं जास्त उतरलं हे खरं. मात्र मधल्या आठवड्यांत ते गरजेपुरतंच खात होते, तेही ठरवून दिलेलं. त्यात मेजवानी नव्हती, आलूबोंडा तर नव्हताच.

तेव्हा प्रवासीदादा, चौथा पर्याय: रविवारी उणे नको, अधिक नको, जेवढी गरज तेवढं खा. तर्री-पोहे आणि सावजी दोन्ही बसतात त्यात, फक्त दुपारचा वडा-भात जातो.

मिहानचा_प्रवासी
वडा-भात जातो म्हणजे आईला कोण सांगणार?

वाचून_सांगते
ते तुमचं तुम्ही बघा. एक मात्र खरंच विचारते. रविवारी खाताना थांबता येतं ना? म्हणजे पोट दुखेपर्यंत खाणं, लपून खाणं, नंतर स्वतःचा राग येणं, असं काही होत असेल तर मोकळा दिवस वगैरे भानगडीत न पडता डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. ज्यांना हा त्रास असतो त्यांना "सहा दिवस कडक, एक दिवस सोडलं" हे चक्र आणखी खोल नेतं. आणि कोणी वाचक इन्सुलिनवर किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असतील तर त्यांनी इथलं वाचून जेवण मागेपुढे करू नका.

मिहानचा_प्रवासी
नाही, तसं काही नाही. राग फक्त सोमवारच्या काट्याचा येतो. विचारलंत, बरं वाटलं.

मनगटावर_सगळं
मी एक घड्याळ घेतलंय, पावलं, झोप, नाडी, कॅलरी सगळं दाखवतं. सेलमध्ये साडेसहा हजारांना पडलं. लिंक देऊ का?

तर्री_जास्त
🙏

नंदनवन_४५_अंश
वजन उतरवायच्या इंजेक्शनाचं कोणी बोललं नाही अजून. मार्च २०२५ पासून मौंजारो भारतात मिळून राहिलंय. आमच्या ऑफिसात एकानं डॉक्टरांकडून सुरू केलं, त्याले भूकच लागत नाही. रविवार-सोमवार हा प्रश्नच मिटला.

निवृत्त_गणितमास्तर
आणि महिन्याचा हजारो रुपये खर्च? पाचशेत बसवा पाहू. शिवाय ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मिळूही नये.

शिंपीकाम_आणि_बरंच
पाचशेचं बजेट आहे ना? वीस-तीस रुपयांची शिंप्याची फीत घ्या, उरलेले ठेवा खिशात. श्वास सोडून, पोट आत न ओढता, बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. भारतीय पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमीच्या वर गेली की धोका समजतात. माझ्याकडे येणारी कित्येक गिऱ्हाइकं सांगतात वजन हलत नाही, पण पँट मीच आत घेऊन देतो. काट्यापेक्षा फीत इमानदार.

मिहानचा_प्रवासी
हे आवडलं. आत्ताच मोजलं, बायकोची फीत होती. ९९. कोणाला सांगू नका.

महाल_वाडा
अहो, आखाड संपला की श्रावण. सामिष बंद. आमच्याकडे तर कांदा-लसूण पण नाही. महिनाभर रविवारचा प्रश्न आपोआप सुटेल, एवढी चर्चा कशाला?

थोडं_थोडं
श्रावणात कोणाचं वजन उतरलेलं बघितलंय का? सोमवारी साबुदाण्याची खिचडी, शनिवारी साबुदाण्याचे वडे, शेवटी पोळ्याला पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्याला पोट्ट्यांच्या नावाखाली पुन्हा गोड. मग महालक्ष्म्या, सोळा भाज्या, अंबील आणि जेवायला पाच घरचं बोलावणं. मोकळा दिवस ठरवायचाच असेल तर पंचांग समोर ठेवून ठरवा. त्या आठवड्यांत रविवार सोडून द्यायचा, सणाचा दिवस धरायचा. एवढं केलं तरी पुष्कळ.

धरमपेठची_मावशी
हे एकदम बरोबर. महालक्ष्म्यांचं जेवण नाकारता येत नाही.

पाटोडी_पंथ
आणि रविवारी सावजीऐवजी पाटोडी-रस्सा खाल्ला तर? डाळीचं पीठ, म्हणजे प्रोटीन पण आलं.

इतवारी_कट्टा
रस्सा तोच, तवंग तोच, फक्त मटण गेलं. प्रोटीनच्या नावावर काही पण.

लोखंडी_दंड
म्हणूनच व्हे म्हणत होतो.

मिहानचा_प्रवासी
मंडळी, सगळं वाचलं. मावशी, मास्तर, वाचून_सांगते, फीतवाले भाऊ, मनापासून आभार. तुमच्यापैकी बहुतेक (ख) म्हणताहेत आणि हिशोबानं तेच बरोबर दिसतं.

तरी मी (क) करणार आहे. रविवार सकाळपासून रात्रीपर्यंत मोकळा. मास्तरांच्या गणितानं आठवड्याला १३० ग्रॅम, उतरवायचे ९ किलो, म्हणजे ६९ आठवडे, सोळा महिने धरा. चालेल की! मला कुठे स्पर्धेत उतरायचंय? लग्न झालंय, फोटो निघालेत. काल बायकोला (ख) सांगून बघितलं तर ती म्हणाली, मग त्या एका जेवणासाठी दर शनिवारी तू अर्धा तास वाद घालशील, पोहे की सावजी. ती मला ओळखते. काटा शुक्रवारी, फीत महिन्यातून एकदा, आणि सणाच्या आठवड्यात रविवार रद्द, हे तिन्ही पक्कं.

निवृत्त_गणितमास्तर
चिरंजीव, माझं गणित माझ्यावरच उलटवलंत. पण ते सरळ रेषेत चालणार नाही. वजन उतरत गेलं की शरीराची गरजही कमी होते. ८७ किलोला जी ५०० ची बचत होती ती ८१ किलोला त्याच ताटात उरत नाही. तेव्हा १३० चे ६० होतील, मग शून्य. सोळा महिने हा आकडा विसरा.

मिहानचा_प्रवासी
तेव्हा परत धागा काढीन.

पुण्यात_अडकलो
मग विचारलं कशाला होतं?

तर्री_जास्त
शाब्बास रे पठ्ठ्या.

पाटोडी_पंथ
मावशी, विषय निघालाच आहे तर विचारतो. पाटोडी रश्श्यात टाकली की माझी विरघळते. पीठ पाण्यात आधी कालवायचं की उकळत्या फोडणीत वरून टाकायचं?

धरमपेठची_मावशी
आधी पाण्यात गुठळ्या मोडून कालव, मग फोडणीत ओतून मंद आचेवर घोट. कढईपासून सुटून गोळा झाला की लगेच तेलाच्या हातानं ताटात थापायचं. आणि वड्या रश्श्यात उकळू नकोस, वाढताना वरून रस्सा घाल.