मारियानो रिव्हेराला एवढा मान का?

प्रश्न: बहुधा सामन्याच्या शेवटच्या डावापुरताच मैदानात उतरणाऱ्या रिव्हेराची २०१९ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मान दालनात) एकमताने निवड कशी झाली, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १: पनामातल्या मच्छीमार वस्तीतला हा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून सामन्याची सुरुवात करायला उतरला, पण त्या भूमिकेत त्याचा जम बसला नाही. १९९७ मध्ये त्याला 'कटर' नावाचा चेंडू गवसला. डावखुऱ्या फलंदाजाजवळ येताच तो चेंडू असा आत वळे की बॅट मुठीजवळच मोडे. मुख्यतः याच चेंडूच्या बळावर त्याने ६५२ सेव्ह मिळवले, म्हणजे तितक्या वेळा संघाची निसटती आघाडी राखली.

प्रतिसाद २: मला त्याचे पुनरागमन अधिक मोलाचे वाटते. मे २०१२ मध्ये सरावात झेल घेताना त्याचा गुडघा निकामी झाला, तरी २०१३ मध्ये परतून त्याने ४४ सेव्ह केले.