मदत हवी आहे: मुलगी पहिलीत, घरात डायबिटीसच्या सासूबाई. सोमवारी शाळेत पाठवावं का?

नमस्कार. आम्ही कोपरखैरण्याला माथाडींच्या बैठ्या घरांत राहतो. काल, म्हणजे २० जानेवारी २०२२ ला, राज्याच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी जाहीर केलं की कोरोनामुळे बंद असलेल्या बालवाडी ते बारावीच्या शाळा २४ जानेवारीपासून सुरू करता येतील, पण अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनाने घ्यायचा. आपल्या महापालिकेचं काय ते कळेलच. शाळेने मात्र आजच ग्रुपवर संमतीपत्र टाकलंय आणि उद्या संध्याकाळपर्यंत सही करून मागितलंय. म्हणून घाईने विचारतेय.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मुलगी लहान शिशूत होती. मोठा शिशू अख्खा मोबाइलवर गेला. पहिलीचं वर्षही तसंच चाललंय. डिसेंबरच्या मध्याला वर्ग भरले, ती जरा कुठे रुळायला लागली आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत बंद.

घरात स्मार्टफोन एकच. यांचं काम वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला, पहाटेच निघतात आणि फोन सोबत नेतात, कारण गाडी लागली की मुकादमाचा फोन त्याच्यावरच येतो. ऑनलाइन तास सकाळी असतो. शेजारच्या मुलाच्या फोनवर दोघं मिळून बसतात, तेही तो मामाकडे गेला की बंद.

आता खरी काळजी सांगते. बालभारतीचं पान समोर धरलं की ती धडाधड म्हणते. परवा सहज चित्रावर हात ठेवला आणि शब्द वाच म्हटलं. 'कमळ' पुढे होता. 'क' म्हणाली, मग माझ्या तोंडाकडे बघायला लागली. पान पाठ आहे, अक्षरं येत नाहीत. मी दहावीपर्यंत शिकलेय, रोज घेऊन बसते, पण घरात ती आईचं ऐकत नाही. डिसेंबरमध्ये बाईंनी दोनच आठवड्यांत तिच्याकडून मात्रा नसलेले शब्द फळ्यावर लिहून घेतले होते. म्हणून मला तिला पाठवायचंय, हे स्पष्टच सांगते.

अडचण सासूबाईंची. वय सत्तरच्या पुढे, डायबिटीस आहे, इन्सुलिन चालू आहे. घर एक खोली आणि स्वयंपाकघर. कोणाला वेगळं ठेवायचं म्हटलं तर ठेवणार कुठे? मुलगी रात्री आजीच्याच कुशीत झोपते. त्यांचे कोरोना लसीचे दोन्ही डोस झालेत, दुसरा गेल्या मे महिन्यात. म्हणजे नऊ महिने फेब्रुवारीत भरतील, त्याआधी बूस्टर, म्हणजे तिसरा डोस, मिळणार नाही. डिसेंबरात घणसोलीतल्या एका शाळेतली मुलं पॉझिटिव्ह निघाली तेव्हापासून त्या धास्तावल्यात. पण स्वतःहून "पोरीला पाठव" असंही त्याच म्हणतात, आणि त्यानेच मला जास्त जड जातंय.

टीव्हीवर सगळे मुलांना धोका किती यावर बोलतात. मुलांना कोरोना सौम्य होतो, हे मला पटलंय. मुलांमुळे घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काय, यावर कोणी नीट बोलत नाही. ज्यांच्या घरी आजारी सासू-सासरे आहेत आणि ज्यांनी डिसेंबरमध्ये मुलं पाठवली होती, त्यांनी घरात कसं जमवलं? आणि संमतीपत्रात "पाल्यास संसर्ग झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही" अशी ओळ आहे. त्यावर सही करावी का?

— कोपरखैरण्याची आई

प्रतिसाद, ऐरोलीहून:
ताई, माझ्या सासऱ्यांना सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे आणि मुलगा तिसरीत. डिसेंबरमध्ये पाठवला होता. घरी आला की थेट मोरीत, आंघोळ, गणवेश बादलीत, मग आजोबा. पण खरा फरक झोपण्याने पडला. आम्ही त्याला आमच्याकडे घेतलं आणि सासऱ्यांची खाट खिडकीपाशी नेली. खिडकी रात्रभर उघडी, थंडी असली तरी. जेवायला पण ते आधी बसतात. पहिले चार दिवस मुलगा रडला, मग सवय झाली. मास्कचं सांगते, दोन द्या आणि त्यावर नाव घाला. आमचा एकदा दुसऱ्याच पोराचा मास्क लावून आला होता. सर्दी किंवा अंग गरम वाटलं तर त्या दिवशी शाळा नाही, कितीही हट्ट केला तरी.

प्रतिसाद, कळव्याहून:
माझं मत वेगळं आहे. हजेरी सक्तीची नाही, पालकांची लेखी संमती लागते. म्हणजे थांबण्याचा हक्क तुमच्याकडे आहे. मुंबईत ७ जानेवारीला एका दिवसात वीस हजारांवर रुग्ण होते, आता आकडे झपाट्याने उतरताहेत. अजून तीन-चार आठवड्यांत ते आणखी उतरतील आणि सासूबाईंचा डोसही होईल. दोन वर्षं गेली तिथे एक महिना काही मोठा नाही. माझे वडील दुसऱ्या लाटेत गेले, त्यामुळे मी हे जरा कडक बोलतोय, राग मानू नका. पण एवढ्याशा घरात इन्सुलिनवरचं माणूस असताना मी घाई केली नसती.

प्रतिसाद, ठाण्याहून, प्राथमिक शिक्षिका:
कळव्याच्या दादांचं दुःख समजते. पण पहिलीचा एक महिना म्हणजे काय, ते वर्गात दिसतं. चित्र झाकल्यावर अडणारी मुलं माझ्या वर्गातही खूप आहेत आणि काही तर दुसरीतली आहेत. गेल्या जुलैत आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) डॉ. बलराम भार्गवांनी सांगितलं होतं की शाळा उघडायच्याच तर आधी प्राथमिक उघडाव्यात, कारण लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, फक्त शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचं लसीकरण झालेलं हवं. आजीचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे तुम्ही बरोबर म्हणालात. पण ताई, तुमचे मिस्टर रोज मार्केटला जातात. तिथे किती माणसांशी संबंध येतो! घरात विषाणू यायची ती वाट आधीपासून उघडी आहे. त्यामुळे अंतर आजी आणि बाकी सगळे यांच्यात ठेवा, एकट्या मुलीला अडवून उपयोग कमी. त्यांनीही घरी येऊन आधी आंघोळच करायची. संमतीपत्रावर सही करा, पण खाली आपल्या हाताने लिहा: "घरी गंभीर आजाराची ज्येष्ठ व्यक्ती आहे, वर्गात कोणी बाधित आढळल्यास त्याच दिवशी कळवावे." आणि फोटो काढून ठेवा.
वाचनासाठी तोवर अक्षरांचे कागद कापा आणि क, म, ळ, घ, र, न, ल एवढ्यांवरच शब्द लावायला द्या. पुस्तक आठवडाभर बाजूला ठेवा, पाठ असलेलं पान मध्ये येतं.

कोपरखैरण्याची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, राग कसला, तुम्ही लिहिलेलं यांना वाचून दाखवलं. मार्केटचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. आजपासून हे बाहेरच्या नळावर आंघोळ करून मगच आत येतील. मुलगी माझ्याजवळ झोपेल, सासूबाई खिडकीकडे. महापालिकेने परवानगी दिली तर पाठवायचं ठरवलंय, त्या ओळीसकट सही करून. घरात कोणाला ताप आला तर त्याच दिवसापासून थांबवणार.

एकच अजून विचारते. कोपरखैरणे किंवा वाशीत साठीवरच्यांना बूस्टर कुठल्या केंद्रावर देतात आणि आधी नोंदणी लागते का? सासूबाईंना फार वेळ रांगेत उभं राहवत नाही, त्यामुळे गर्दी कधी कमी असते तेही कोणी सांगितलं तर बरं होईल.