वस्तऱ्याने दाढी केल्यावर मानेची आग होते : दोष धारेचा की हाताचा?

नवा_वस्तरा (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार. गेल्या नऊ आठवड्यांपासून मी घरीच वस्तऱ्याने दाढी करतो आहे. सलूनमध्ये अर्धे ब्लेड बसवून वापरतात तो हा वस्तरा नव्हे; याचे पाते अखंड असून धार आपली आपणच राखावी लागते. पाते जर्मनीतील झोलिंगेनचे, कार्बन पोलादाचे, पाच-अष्टमांश इंच रुंदीचे आहे आणि विक्रेत्याने ते धार लावूनच पाठवले होते.

पहिले तीन आठवडे गाल अगदी गुळगुळीत होत असत. फक्त जबड्याखाली, डाव्या बाजूला, थोडी आग होत असे. त्यानंतर मात्र गालांवरही पाते केस कापण्याऐवजी ओढते आहे असे जाणवू लागले. म्हणून मी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवण्याचे प्रमाण वाढवत नेले. तीसवरून साठ, साठवरून शंभर वेळा. त्याने धार सुधारण्याऐवजी आणखी बिघडली. आता मानेवर बारीक लाल पुरळही उठते आणि शेवटी तुरटी फिरवली की डोळ्यांत पाणी येते.

आमच्या इमारतीत बोअरचे पाणी आहे. रोज स्कूटरने हिंगणा एमआयडीसीपर्यंत जातो, डोक्यावर हेल्मेट आणि उन्हामुळे मानेभोवती दुपट्टा असतो. वस्तरा धार लावायला पाठवावा, की आधी माझे काही चुकते आहे का ते तपासावे?

इतवारीचा_जुना_सभासद

आपण दिलेल्या माहितीत एक गोष्ट फार मोलाची आहे. जबड्याखालची आग पहिल्या दिवसापासून आहे आणि गालांवरची ओढ तीन आठवड्यांनी सुरू झाली. हे दोन वेगळे दोष आहेत आणि एकाच उपायाने दोन्ही जाणार नाहीत. धार चांगली होती तेव्हाही मान दुखत होती, म्हणजे मानेचा दोष हाताकडे जातो. गाल आधी ठीक होते आणि नंतर बिघडले, म्हणजे तो दोष धारेकडे जातो.

आधी धारेचे पाहू. पट्टा धार लावत नाही, तो असलेली धार सरळ करतो, आणि चुकीच्या पद्धतीने फिरवल्यास तीच धार वाकवतो. पट्टा ताणलेला नसेल आणि मध्ये झोळ पडत असेल, तर चामडे पात्याच्या धारेभोवती वळते आणि धार गोलसर होते. अशा पट्ट्यावर शंभर वेळा फिरवणे म्हणजे शंभर वेळा धार बोथट करणे. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही चामड्याला सतत टेकलेल्या असाव्यात, पाठ पुढे आणि धार मागे अशी चाल असावी, आणि टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवरूनच उलटावे. नवशिक्यांचे नुकसान बहुतेक या उलटण्याच्या क्षणीच होते, कारण घाईत धार चामड्यात रुतते. पट्ट्यावर बारीक चिरा दिसत असतील तर हेच घडले आहे असे समजा. वजन फक्त वस्तऱ्याचे असू द्या, हाताचे नको.

तपासणीसाठी धार वर करून पाते एका दिव्याखाली धरा आणि हळूहळू कलवा. चांगली धार प्रकाश परतवत नाही. जिथे चमकता ठिपका किंवा रेघ दिसेल तिथे ती बोथट झाली आहे किंवा तुटली आहे. घड्याळजी वापरतात तसे दहापट भिंग मिळाल्यास अधिक चांगले. नुसती रेघ असेल तर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावलेल्या सपाट, कडक पट्टीवर दहा-पंधरा वेळा फिरवून पाहा. खाच दिसली तर मात्र दगडाशिवाय इलाज नाही आणि ते काम पहिल्या वेळी जाणकाराकडूनच करून घ्यावे.

आता मान. उजव्या हाताने डावी बाजू करताना मनगट वळते आणि पात्याचा कोन नकळत उघडतो. कोन साधारण 30 अंश हवा. आपल्या पात्यासाठी सोपे माप असे की, पाठीची जाडी सुमारे चार मिलिमीटर असेल, तर पाठ त्वचेपासून तिच्या दुप्पट जाडीइतकी दूर ठेवली की कोन जवळजवळ तेवढाच येतो. त्याहून जास्त उघडला की पाते केस कापत नाही, त्वचा खरवडते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आरशात कोन दिसत नाही आणि प्रत्येकाला आपला हात बरोबरच वाटतो.

पाण्याचा_अभ्यास

वरील उत्तर योग्य आहे, पण बोअरचे पाणी दुर्लक्षू नये. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा मळ तयार करतात, त्यामुळे फेस पातळ येतो आणि लगेच बसतो. मग पात्याला सरकायला आधार राहत नाही. एक आठवडा ब्रश भिजवायला आणि फेस करायला फक्त पिण्याचे, आरओचे पाणी वापरून पाहा. त्यासाठी एक पेलाभर पुरते. फेस चेहऱ्यावर किमान दोन मिनिटे तसाच राहू द्या, म्हणजे खुंट पाणी शोषून मऊ होतात. त्या आठवड्यात दुसरे काहीही बदलू नका, नाही तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही.

धरमपेठ_वाचक

एक दिवसाची वाढ असताना मानेवर बोट फिरवून केस कोणत्या दिशेने वाढतात ते पाहा. जबड्याखाली ते अनेकदा आडवे किंवा वर जाणारे असतात आणि आपण वरून खाली आणलेला हात तिथे नकळत उलटा पडतो. पुरळ आहे तोवर उलटा हात पूर्ण बंद ठेवा. शिवाय हेल्मेटचा पट्टा आणि घामेजलेला दुपट्टा नेमके त्याच जागी घासतात, म्हणून काही दिवस दाढी रात्री करून पाहावी. पुरळात पू झाला तर मात्र प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

नवा_वस्तरा

तीन आठवड्यांनी कळवतो आहे. दिव्याखाली पात्याच्या टोकाकडील एक-तृतीयांश भागात अखंड चमकती रेघ दिसली, खाच नव्हती. माझा पट्टा दाराच्या कडीला लावलेला होता आणि मी तो खरोखरच सैल धरत होतो. तो ताणून धरायला सुरुवात केली, पेस्टवर बारा वेळा फिरवले, आणि गालांवरची ओढ दुसऱ्याच दाढीला गेली. आरओच्या पाण्याने फेस जास्त वेळ टिकतो, पण मानेत त्याने फारसा फरक पडला नाही. मानेचा प्रश्न सुटला तो केसांची दिशा पाहिल्यावर: डाव्या बाजूचे केस कानाकडून हनुवटीकडे आडवे वाढतात, आणि आता मी वस्तराही तसाच आडवा नेतो. दाढी रात्री करतो, पुरळ गेले आहे, तुरटी अगदी थोडी चुरचुरते. कंठमण्याच्या बाजूला एका जागी मात्र अजून लाल होते.

इतवारीचा_जुना_सभासद

तिथे त्वचा सैल असते. आवंढा गिळून थांबा, म्हणजे कंठमणी क्षणभर वर सरकतो, किंवा मोकळ्या हाताने ती त्वचा बाजूला, सपाट भागावर ओढून घ्या आणि एकच सुलटा हात फिरवा. राहिलेले खुंट राहू द्या, दुसऱ्या दिवशी जातील.