लेमन बामची पानं करपताहेत, लवकर सांगा

कृष्णाकाठ: लेमन बामची पानं कडेनं तपकिरी होऊन वाळताहेत, खालची पिवळी पडलीत. पाणी रोज घालते. आईला झोप लागत नाही म्हणून चहासाठी मुद्दाम आणलंय, हातचं जाऊ द्यायचं नाहीये. काय फवारू?

मिरजकर: कुंडीत की जमिनीत? ऊन किती?

गच्चीबाग_सातारा: आधी खात्री करा. आमच्याकडे एका नर्सरीत याच नावानं गवती चहा दिला होता. लेमन बामचं पान पुदिन्यासारखं, कडा दातेरी, खोड चौकोनी.

कृष्णाकाठ: गवती चहा ओळखते हो मी. खोड चौकोनीच आहे, पान चुरगळलं की लिंबाचा वास येतो. सांगलीत विश्रामबागला, गच्चीवर कुंडीत. फवारू काय ते सांगा ना.

मिरजकर: मोकळी गच्ची? माती कुठली?

कृष्णाकाठ: मोकळीच. मळ्यातली काळी माती.

मिरजकर: मग काहीच फवारू नका. आपलं एप्रिलचं दुपारचं ऊन त्याला सोसत नाही, कडा त्यानं करपतात. सकाळचं कोवळं ऊन येईल तिथं ठेवा, नाहीतर हिरवी नेट बांधा. काळी माती कुंडीत पाणी धरून बसते. वर भेगा, खाली चिखल. मुळं कुजली की खालची पानं पिवळी पडतात.

शेतीवेडा: काळ्या मातीला नावं ठेवू नका, आख्ख्या जिल्ह्याचा ऊस तिच्यावर उभा आहे. शेण-गोमूत्राचं जीवामृत द्या, टवटवीत होईल.

मिरजकर: ऊस रानात असतो दादा, कुंडीत नाही. मुळं आधीच ओली, त्यात आणखी काय ओतायचं?

पाचगणी_वाफा: आमच्याकडे वाफ्यात रान माजल्यासारखं पसरतं. बी पेरणार असाल तर मातीनं झाकू नका, रुजायला उजेड लागतो.

शेतीवेडा: तुमच्याकडची हवा थंड, सांगलीला तिचा काय उपयोग? त्यापेक्षा पानओवा लावा ताई, मरत नाही.

सातारी_सुगरण: आईंना थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू आहे का? असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा देऊ नका.

कृष्णाकाठ: थायरॉईडची आहे. विचारते, बरं झालं सांगितलंत. पानओवा नको, हेच वाचवायचंय. माती आत्ताच बदलू?

मिरजकर: ऊन उतरल्यावर. काळी, मऊ पडलेली मुळं कापून टाका, वरची वाढ निम्मी छाटा. मातीत निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वाळू घाला, कुंडीचं भोक मोकळं आहे का बघा. पुढचं पाणी बोटभर खाली कोरडं लागल्यावरच. छाटलेले चांगले शेंडे पाण्यात ठेवा, पुदिन्यासारखी मुळं फुटतात. मूळ झाड गेलंच तर रोप हाताशी राहील. मुळांचा फोटो टाका.